राजाश्रय आणि आश्रय



परदेशी सामन्याला गेलेला खेळाडू सामना संपल्यावर आपल्या संघाबरोबर परत न जाता त्याच देशात आश्रय मागतो, अशा घटना गेल्या पाऊणशे वर्षांत शेकड्यांनी घडल्या आहेत. वर्तमानपत्रांत त्या दोन-चार दिवस गाजतात. एक बाजू त्या खेळाडूला देशद्रोही म्हणते, दुसरी त्याला स्वातंत्र्यवीर म्हणून खांद्यावर घेते, आणि मग सारे विसरून जातात. या घटनांचा इतिहास सलग मांडून पाहावा आणि त्यातून आपण काय घ्यायचे ते ठरवावे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे. कामगार चळवळीत आयुष्य गेलेला माणूस या विषयाकडे का वळला, याचा उलगडा पुढे होईल.

विषय दूरदेशीचा वाटतो खरा. पण त्याची सुरुवात आपल्या ओळखीच्या माणसापासून करता येते. १९४८ साली लंडनला ऑलिम्पिक सामने भरले. महायुद्धानंतरचे ते पहिलेच सामने. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे, आपल्या राजाराम कॉलेजात शिकणारे खाशाबा जाधव त्या सामन्यांना गेले होते. त्यांच्या प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. मातीत वाढलेल्या या मल्लाने गादीवरच्या कुस्तीत, फ्लायवेट गटात, सहावा क्रमांक मिळवला आणि ते घरी परतले. त्याच लंडनमध्ये, त्याच ऑगस्ट महिन्यात, दुसरी एक व्यक्ती मात्र घरी परतली नाही. तिचे नाव मारी प्रोवाझ्निकोवा. चेकोस्लोव्हाकियाच्या महिला जिम्नॅस्टिक संघाची ही प्रमुख. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक संघटनेच्या महिला समितीचे अध्यक्षपदही तिच्याकडे होते. तिच्या संघाने सुवर्णपदक जिंकले होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिच्या देशात कम्युनिस्ट पक्षाने सारी सत्ता हाती घेतली होती. बोलण्याचे, छापण्याचे, सभा भरवण्याचे स्वातंत्र्य आता तिथे उरलेले नाही, तेव्हा मी परत जाणार नाही, असे या सत्तावन्न वर्षांच्या बाईने जाहीर केले. ऑलिम्पिकच्या निमित्ताने परदेशी जाऊन न परतलेली ही पहिली व्यक्ती मानतात. पुढे ती अमेरिकेत स्थायिक झाली आणि शंभरी पाहून १९९१ साली वारली.

चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकीचे सामने आले. या वेळी खाशाबांच्या प्रवासाला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले, ही हकीकत आपल्या गावाला तोंडपाठ आहे. तिथे बॅन्टमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशीचे, रौप्यपदक सोव्हिएट रशियाच्या रशीद ममादबेयोवचे. इशीशी झालेल्या लांबलेल्या कुस्तीनंतर नियमाप्रमाणे विसावा न देता खाशाबांना लगेच ममादबेयोवशी उभे केले, आणि हरकत घ्यायला तेथे आपला एकही अधिकारी नव्हता, असे आपल्याकडे सांगत आले आहेत.

आता दुसरी बाजू पाहा. हेलसिंकीला सोव्हिएट रशिया आणि तिच्या गोटातील राष्ट्रांचे खेळाडू इतरांबरोबर उतरले नाहीत. त्यांच्यासाठी ओटानिएमी येथे वेगळी वसाहत ठेवावी लागली. आमच्या मल्लाजवळ अधिकारी नव्हता आणि त्यांच्या खेळाडूंभोवती अधिकाऱ्यांचे कडे होते. एका राज्याने आपल्या खेळाडूची वास्तपुस्त केली नाही. दुसऱ्या राज्याने इतकी केली की त्याला शेजारच्या खोलीतल्या परक्या माणसाशी मोकळेपणाने बोलताही येऊ नये. पण खाशाबा परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक त्यांच्यापुढे निघाली, आणि ते परत येतील की नाही ही शंका कोणाच्या मनाला शिवलीसुद्धा नव्हती. ओटानिएमीच्या कुंपणामागे मुळात होती ती हीच शंका.

येथे आपल्या भाषेतल्या एका शब्दाकडे मी आपले लक्ष वेधतो. मल्लाला दरबार जे देतो त्याला आपण राजाश्रय म्हणतो, आणि परक्या देशाकडे पळून आलेला माणूस जे मागतो त्यालाही आपण आश्रयच म्हणतो. एकच शब्द दोहोंकडे चालतो. पहिला आश्रय केव्हा असह्य होतो आणि दुसऱ्याची गरज केव्हा पडते, हाच आपला प्रश्न आहे.

राजाश्रय म्हणजे काय हे कोल्हापूरला कोणी शिकवायला नको. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०२ साली युरोपचा प्रवास केला, रोमचे प्राचीन आखाडे पाहिले, आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले. देशोदेशीचे मल्ल येथे येत, तालमींना खुराक मिळे, जोड ठरे, बक्षिसे होत. यात दरबाराची प्रतिष्ठा होती, यात संशय नाही. मल्ल जिंकला की संस्थानचे नाव होई. पण त्या व्यवस्थेतही एक मोकळीक होती. मल्ल एका दरबारचा आश्रय सोडून दुसऱ्या दरबारी जाऊ शके. जगज्जेता गामा आधी दतियाच्या पदरी होता, पुढे तो पतियाळाच्या पदरी गेला. त्यासाठी दतियाने त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला नाही, की त्याच्या भावाला तुरुंगात टाकले नाही. आश्रय देणारे पुष्कळ होते, आणि म्हणून आश्रय घेणाऱ्याला थोडी किंमत होती. संस्थाने गेल्यावर आपल्याकडे साखर कारखाने मल्लांना मानधन देऊ लागले. रेल्वे, पोलीस, सैन्यदल यांनी नोकऱ्या दिल्या. २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे हा रेल्वेचा नोकरच होता. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

आता अशी कल्पना करा, की देशात दरबार एकच आहे. तालीम त्याची, खुराक त्याचा, नोकरी त्याची, राहते घर त्याचे, वर्तमानपत्र त्याचे, न्यायाधीश त्याचा आणि पासपोर्टही त्याच्याच पेटीत. अशा दरबाराचा आश्रय सोडणे म्हणजे देश सोडणे. पूर्व युरोपात १९४८ नंतर हेच घडले. चेकोस्लोव्हाकियाचा बर्फावरील हॉकीचा संघ १९४७ आणि १९४९ साली जगज्जेता झाला होता. १९५० च्या मार्चमध्ये तो लंडनला निघायचा होता. ऐन वेळी त्याला जाऊ दिले नाही, आणि थोड्याच दिवसांत खेळाडूंना अटक झाली. ते परदेशी राहण्याचा बेत करीत होते, असा आरोप. गोलरक्षक बोहुमिल मोद्री याला पंधरा वर्षांची आणि गुस्ताव बुबनिक याला चौदा वर्षांची शिक्षा झाली. त्यांतल्या कित्येकांना युरेनियमच्या खाणींकडे धाडण्यात आले. १९५५ साली त्यांची सुटका झाली. १९४८ च्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये असताना या खेळाडूंनी परत जावे की न जावे यावर आपापसांत विचार केला होता, आणि परत जायचे ठरवून ते स्वतःहून परतले होते. पळालेल्याला शिक्षा झाली असती तर निदान कारण कळले असते. येथे परतलेल्याला शिक्षा झाली.

आम्हां चळवळीतल्या माणसांना हा विषय अवघड जातो, हे मी लपवीत नाही. ही राज्ये कामगारांच्या नावाने चालत होती. त्यांनी खेडोपाडी क्रीडांगणे केली, गिरणीतल्या मुलीला जिम्नॅस्टिकचे शिक्षण फुकट दिले, हे खोटे नाही. ज्यांचे घर गहाण पडल्याशिवाय खेळाडू परदेशी जात नाही अशा देशातल्या माणसाने त्याची थट्टा करू नये. पण कामगाराच्या बाजूनेच या प्रश्नाकडे पाहिले तर उत्तर स्पष्ट दिसते, आणि ते आपल्याच इतिहासात आहे.

इंग्रजी अमलात १८५९ सालचा एक कायदा होता. उचल घेतलेला कारागीर किंवा मजूर काम सोडून गेला, तर मालकाने न्यायाधीशाकडे जावे. न्यायाधीशाने मजुराला कामावर परत जाण्याचा हुकूम द्यावा, आणि त्याने तो मानला नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. काम सोडणे हा दिवाणी बाबीऐवजी फौजदारी गुन्हा झाला. तो कायदा रद्द करायला १९२५ साल उजाडावे लागले, आणि वेठबिगारीविरुद्धचा कायदा व्हायला १९७६. आजही ऊसतोडणीला आलेल्या टोळीतल्या माणसाच्या अंगावर मुकादमाची उचल असते, आणि उचल फिटेपर्यंत पाय निघत नाही, हे या जिल्ह्यातल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. या सगळ्याला चळवळीने विरोध का केला? काम सोडायला लोकांनी शिकावे म्हणून नव्हे. शंभरातले नव्व्याण्णव कामगार नोकरी सोडत नाहीत. पण सोडता येते, एवढ्या एका गोष्टीवर बाकी सगळे उभे असते. ज्याला राजीनामा देता येतो त्याच्या मागणीपत्राला वजन असते. ज्याला देता येत नाही त्याचे मागणीपत्र ही अर्जविनंती ठरते. राज्य कामगारांच्या नावाने चाललेले असले तरी हा नियम बदलत नाही.

आणि मागणी म्हणजे काही फार मोठी गोष्ट असावी लागते असेही नाही. २०२१ साली तोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये बेलारूसची क्रिस्त्सिना त्सिमानोउस्काया धावायला आली होती. तिची शर्यत दोनशे मीटरची. तिला न विचारता अधिकाऱ्यांनी तिचे नाव चारशे मीटरच्या सांघिक शर्यतीत घातले. तिने समाजमाध्यमावर तक्रार केली. तिच्या बोलण्यात राज्यकर्त्यांचे नाव नव्हते, राजकारण नव्हते. माझे नसलेले काम मला न विचारता माझ्या अंगावर का टाकले, एवढीच तक्रार. कोणत्याही खात्यात रोज ऐकू येते तशी. त्यावर तिचे सामान बांधायला लावून तिला विमानतळावर नेण्यात आले. तिथे तिने फोनवर भाषांतर करून जपानी पोलिसांची मदत मागितली. पोलंडने तिला प्रवेशपत्र दिले, आणि पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये ती पोलंडकडून धावली. हुकूमशाही राज्यात ड्यूटीची तक्रार आणि राजद्रोह यांच्यामध्ये जागाच उरत नाही, हे या एका प्रकरणावरून दिसते.

कुस्तीचे उदाहरण घेऊ. कारण इराणचे मल्ल आपल्याकडच्या मैदानांवर येतात, आणि त्यांच्या डावांना आपण टाळ्या दिल्या आहेत. २०१७ साली पोलंडमध्ये तेवीस वर्षांखालील मल्लांची जागतिक स्पर्धा होती. इराणचा अलिरेझा करीमी रशियन मल्लावर आघाडी घेऊन होता. तो जिंकला असता तर पुढची कुस्ती इस्रायलच्या मल्लाशी पडण्याचा संभव होता, आणि इराणी राज्याने तशी कुस्ती निषिद्ध ठरवली आहे. तेव्हा त्याचा प्रशिक्षक गादीच्या कडेने ओरडला, ‘अलिरेझा, हार!’ आणि तो हरला. जागतिक संघटनेने त्याच्यावर सहा महिन्यांची आणि प्रशिक्षकावर दोन वर्षांची बंदी घातली. नूरा कुस्ती कोल्हापूरच्या प्रेक्षकाला खपत नाही. पैशासाठी हरणाऱ्याला आपण मैदानातून हुसकून लावतो. पण ज्याला त्याचे सरकारच हरायला सांगते त्याने काय करावे? करीमी मायदेशी राहिला. इराणचाच ज्युदोपटू सईद मोलाई याला २०१९ च्या जागतिक स्पर्धेत असाच हुकूम झाला. तो जर्मनीला गेला, परतला नाही, आणि २०२१ साली त्याने मंगोलियासाठी ऑलिम्पिकचे रौप्यपदक मिळवले. शिराझचा मल्ल नवीद अफकारी याला मात्र २०२० च्या सप्टेंबरात फाशी झाली. २०१८ च्या निदर्शनांच्या वेळी एका सुरक्षारक्षकाचा खून केल्याचा त्याच्यावर आरोप होता, आणि आपला कबुलीजबाब छळ करून घेतला आहे असे तो अखेरपर्यंत सांगत होता.

आता दुसऱ्या बाजूचे राजकारण पाहिले पाहिजे, नाहीतर ही गोष्ट अर्धीच सांगितली असे होईल. पळून आलेल्या खेळाडूला आश्रय देणारे सारे स्वातंत्र्याचे पुजारी होते असे नाही. हंगेरीचा फुटबॉलपटू लाझ्लो कुबाला १९४९ साली देशातून निसटला आणि पुढे स्पेनमध्ये बार्सिलोनाच्या संघात गाजला. स्पेनवर तेव्हा जनरल फ्रँकोची हुकूमशाही होती. स्वतःच्या देशातले हजारो विरोधक हद्दपार आणि तुरुंगात असताना, त्या राजवटीत कुबालाच्या पलायनावर चित्रपट निघाला आणि त्यात त्यालाच नायक केले गेले. एका हुकूमशहाच्या तावडीतून सुटलेला खेळाडू दुसऱ्या हुकूमशहाच्या प्रचाराचे साहित्य झाला.

१९५६ सालची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. त्या वर्षी ऑक्टोबरात हंगेरीत उठाव झाला, ४ नोव्हेंबरला सोव्हिएट रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले, आणि २२ नोव्हेंबरला मेलबर्नचे ऑलिम्पिक सुरू झाले. हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही. त्याची पहिली लढत भारताशी होती. ती न खेळताच भारत पुढे गेला, आणि पुढच्या सामन्यात मुंबईत खेळणाऱ्या, मूळ गोव्याच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले. भारताच्या फुटबॉलमधल्या त्या मोठ्या दिवसामागे दुसऱ्या एका देशाचे दुःख उभे होते. हंगेरीचा जलपोलो संघ मात्र आला होता. ६ डिसेंबरला त्याची सोव्हिएट संघाशी गाठ पडली. एर्विन झादोर हा रक्ताळलेल्या चेहऱ्याने पाण्याबाहेर आला, प्रेक्षक खवळले, खेळ थांबवावा लागला. हंगेरी ४-० ने जिंकली. सामने संपल्यावर हंगेरीच्या पथकातली चाळीसच्या वर माणसे परत गेली नाहीत. चार सुवर्णपदके जिंकणारी आग्नेस केलेती ऑस्ट्रेलियात राहिली आणि पुढे इस्रायलला गेली. तिचा बाप नाझींच्या आउश्वित्झच्या छावणीत मेला होता. एका हुकूमशाहीने बाप नेला आणि दुसरीने देश.

अमेरिकेतल्या एका क्रीडा साप्ताहिकाने पुढाकार घेऊन यांतल्या अनेकांना विमानाने आपल्या देशात नेले आणि गावोगाव फिरवले. सत्कार झाले, छायाचित्रे निघाली. पण दौरा संपल्यावर प्रश्न उरला तो पोटाचा आणि खेळाचा. लाझ्लो ताबोरी हा जगातल्या उत्तम धावपटूंपैकी एक. १९६० च्या रोम ऑलिम्पिकच्या वेळी तो कोणत्याच देशाचा नागरिक नव्हता, म्हणून त्याला धावता आले नाही. काही खेळाडू तर पुढे हंगेरीला परतले. त्याआधी, १९५२ साली, पूर्व युरोपातून बाहेर पडलेल्या खेळाडूंच्या संघटनेने आम्हांला देशाविना खेळू द्या अशी विनंती ऑलिम्पिक समितीला केली होती. ती फेटाळण्यात आली. निर्वासितांचा संघ ऑलिम्पिकमध्ये उतरायला २०१६ साल यावे लागले, आणि त्या संघाचे पहिले पदक सिंडी न्गाम्बा या मुष्टियोद्धीने २०२४ साली मिळवले. आज अफगाणिस्तानच्या महिला क्रिकेटपटूंची तीच स्थिती आहे. २०२१ साली तालिबान सत्तेवर आल्यावर त्यांतल्या बहुतेक ऑस्ट्रेलियात गेल्या. २०२५ च्या जानेवारीत मेलबर्नला त्या एकत्र येऊन एक सामना खेळल्या. पण देशाचा संघ म्हणून मैदानात उतरण्याचा हक्क त्यांना मिळालेला नाही.

क्यूबाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. तिथल्या बेसबॉल खेळाडूंना अमेरिकेत मोठा पगार मिळतो, आणि क्यूबात १९६१ पासून धंदेवाईक खेळ बंद होता. मग दलाल आले. रात्रीच्या होडीने खेळाडू काढायचा, मेक्सिकोत लपवायचा, आणि पुढच्या पगारातून हिस्सा उकळायचा. मुकादमी सगळीकडे सारखीच! हे थांबावे म्हणून २०१८ च्या डिसेंबरात अमेरिकन बेसबॉल लीग आणि क्यूबाचा महासंघ यांच्यात करार झाला: खेळाडूने उघडपणे जावे, क्लबने महासंघाला रक्कम द्यावी, खेळाडूने घरी येत-जात राहावे. चार महिन्यांत, २०१९ च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेच्या सरकारने तो रद्द केला. रक्कम क्यूबाच्या सरकारकडे जाते, हे कारण. म्हणजे क्यूबाने कित्येक वर्षे दार आतून लावून ठेवले, आणि ते किलकिले होताच अमेरिकेने बाहेरून कडी घातली. पळून आलेला खेळाडू हवा, पण रीतसर आलेला नको, असा याचा अर्थ होतो. पळून येणाऱ्याची बातमी होते. रीतसर येणाऱ्याची होत नाही.

या सर्वांत किंमत कोण देतो, तेही पाहिले पाहिजे. मार्टिना नवरातिलोवा १९७५ साली न्यूयॉर्कला राहिली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. आईबाप मागे राहिले. १९८६ साली अमेरिकेच्या संघातून ती प्रागला खेळायला आली, तर ध्वनिक्षेपकावरून तिचे नाव घेणे टाळले गेले. लोकांनी मात्र टाळ्यांचा कडकडाट केला. पूर्व जर्मनीचा फुटबॉलपटू लुट्झ आयगेनडॉर्फ १९७९ साली पश्चिम जर्मनीत राहिला. मागे राहिलेल्या त्याच्या बायकोवर गुप्त पोलिसांनी पहारा ठेवला, त्यांच्याच एका हस्तकाने तिचा विश्वास मिळवून तिच्याशी लग्न केले. १९८३ साली आयगेनडॉर्फ मोटार अपघातात मेला. त्यात गुप्त पोलिसांचा हात असल्याचा संशय आजवर गेलेला नाही, तो सिद्धही झालेला नाही. एरिट्रियाचे फुटबॉलपटू २००९ साली नैरोबीतून बारा आणि २०१५ साली बोट्स्वानात दहा असे एकदम नाहीसे झाले. ज्या देशात सक्तीच्या लष्करी सेवेला मुदतच नाही, त्या देशाचा तरुण संघात निवडला जाणे म्हणजे बाहेरची वाट सापडणे, असे समजू लागला.

तरीही, जे गेले तेच शूर आणि जे राहिले ते लाचार, असा निकाल मी देणार नाही. हेलसिंकीत खाशाबांनी पदक घेतले त्याच सामन्यांत चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या. असा पराक्रम त्यापूर्वी कोणी केला नव्हता, त्यानंतरही कोणी केलेला नाही. पण त्याच्या जाण्यापूर्वीची हकीकत मला त्याहून मोठी वाटते. त्याचा सहकारी धावपटू स्तानिस्लाव युंगविर्थ याचा बाप राजकीय कैदी होता, म्हणून युंगविर्थचे नाव ऐन वेळी गाळले गेले. झाटोपेक म्हणाला, तो येणार नसेल तर मीही येणार नाही. आणि तो विमानात बसला नाही. अधिकाऱ्यांनी धमकावून पाहिले. शेवटी काही दिवसांनी दोघेही गेले. संपाची याहून शुद्ध व्याख्या मी कोणत्याही पुस्तकात वाचलेली नाही. ज्याच्यावाचून मालकाचे अडते त्याने, ज्याचे कोणाला अडत नाही त्याच्यासाठी काम थांबवले. १९६८ साली सोव्हिएट फौजा प्रागमध्ये घुसल्यावर झाटोपेकने विरोध केला. त्याची सैन्यातली नोकरी गेली आणि जमिनीत भोके पाडणाऱ्या टोळ्यांबरोबर त्याला वर्षानुवर्षे अंगमेहनत करावी लागली. तो देश सोडून गेला नाही. वेरा चास्लाव्स्का हीही गेली नाही, आणि सुधारणांच्या जाहीरनाम्यावरची आपली सही तिने मागे घेतली नाही; तिला कित्येक वर्षे काम नाकारले गेले.

मग आपल्यासाठी यात काय आहे? आपला देश हुकूमशाही नाही. आपल्या खेळाडूला पळून जावे लागत नाही. पण एकच दरबार उरला की काय होते याची चुणूक आपणही पाहिली आहे. २००७ साली दुसरी क्रिकेट लीग निघाली, तेव्हा तिच्यात गेलेल्या खेळाडूंवर मंडळाने बंदी घातली. २००९ साली माफी दिली ती लीग सोडून परत येणाऱ्यांना. हा शब्दही पाहण्यासारखा आहे: माफी! दुसरीकडे काम केले म्हणून माफी? २०२३ साली आपले ऑलिम्पिक पदकविजेते मल्ल महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षावरील लैंगिक छळाच्या आरोपांची दाद मागत दिल्लीच्या जंतरमंतरवर बसले. २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून उचलून नेले, हे साऱ्या देशाने पाहिले. ते दृश्य लाजिरवाणे होते. पण त्यांना बसता आले, बोलता आले, न्यायालयात जाता आले, आणि त्यांच्याबरोबर बसलेली विनेश फोगट पुढच्याच वर्षी हरयाणाच्या विधानसभेत निवडून आली. तेहरान आणि मिन्स्कच्या खेळाडूला विमानतळावर जी मदत मागावी लागते, ती आपल्या खेळाडूला आपल्या रस्त्यावर मागता येते. हा फरक फार मोलाचा आहे, आणि तो आपोआप टिकणारा नाही.

तो टिकवायचा तर काही साध्या गोष्टी लागतील. खेळाडूचा पासपोर्ट खेळाडूच्याच हातात राहिला पाहिजे. ना हरकत दाखला अडवण्याचा अधिकार कोणाला असू नये. महासंघाच्या कारभारात खेळणाऱ्या माणसाला मत असले पाहिजे. तक्रार ऐकणारा अधिकारी, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या हाताखालचा असता कामा नये. कारखान्यात आम्ही ज्यासाठी भांडतो त्याहून यात वेगळे काही नाही. आपल्या तालमींतली, मैदानावरची पोरे उद्या देशासाठी जातील. त्यांच्या मिरवणुकीला आपण सारे जाऊ. त्याच वेळी त्यांची काही तक्रार असेल तर ती ऐकायलाही आपण गेले पाहिजे. खाशाबांना पाठवायला या गावाने घर गहाण टाकले होते, आणि परत येण्यासाठी त्यांच्यावर पहारा बसवावा लागला नव्हता. कोणत्याही राज्याच्या राजाश्रयाची पारख करायची तर मला हीच कसोटी पुरेशी वाटते.